कागदावरील मजकूर संगणकात आणणे व त्याची पडताळणी

प्राथमिक शाळेच्या दफ्तरात जनरल रजिस्टरास जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही वहीस नाही. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख व शाळा सोडल्याचे कारण या गोष्टी तेथे एका ओळीत लिहिल्या जातात, आणि ती एक ओळ त्या व्यक्तीस जन्मभर पुरते. निवृत्तिवेतन, जातीच्या दाखल्याची पडताळणी, वारसाहक्क अशा प्रसंगी साठ-सत्तर वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला मनुष्य किंवा त्याचा नातू शाळेच्या दारी येतो आणि निर्गम उतारा मागतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. परंतु अनेक गावांतील रजिस्टरे त्याहून जुनी, लोकल बोर्डाच्या अमदानीतील आहेत. त्यांचे कागद पिवळे पडले आहेत, कडा झडल्या आहेत आणि कसरीने कित्येक पानांची चाळण केली आहे.

अशा दफ्तराचे फोटो घेऊन त्यांतील मजकूर संगणकाकडून वाचून घ्यावा, म्हणजे शोधणे व उतारा देणे सुलभ होईल, हा विचार आता शाळाशाळांतून होऊ लागला आहे. विचार योग्य आहे. तथापि यंत्र वाचते म्हणजे नेमके काय करते, आणि त्याच्या वाचनावर कोठवर विसंबावे, हे नीट समजल्यावाचून हे काम हाती घेतल्यास सोयीपेक्षा हानी अधिक होण्याचा संभव आहे. यास्तव या विषयाचे थोडे सविस्तर विवेचन पुढे केले आहे.

१. चित्र आणि मजकूर

स्कॅनरने किंवा मोबाईलने घेतलेली पानाची प्रत हे केवळ चित्र असते. ए-४ आकाराचा कागद दर इंचास ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केला, तर रुंदीत सुमारे २,४८० व उंचीत सुमारे ३,५०८ ठिपके पडतात. म्हणजे एका पानाचे जवळजवळ ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपका किती काळा वा किती उजळ, एवढेच संगणकास ठाऊक असते. त्या ठिपक्यांत कोणाचे नाव दडले आहे, हे त्यास मुळीच कळत नाही. अक्षर न ओळखणारे मूल फळ्यावरील शब्द पाटीवर हुबेहूब रेखाटते, तशातलाच हा प्रकार होय. म्हणूनच अशा चित्रात एखादे नाव शोधू गेल्यास संगणक ते दाखवू शकत नाही, आणि त्यातील मजकुरात दुरुस्तीही करता येत नाही.

मजकुराची गोष्ट निराळी आहे. संगणकात प्रत्येक अक्षरास एक ठरावीक क्रमांक असतो. जगातील लिप्यांसाठी जी समान क्रमांकपद्धती ठरली आहे तीस युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली व तीतच देवनागरीस स्थान मिळाले. या पद्धतीत ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६, याप्रमाणे क्रम आहे. चित्रातील ठिपके पाहून तेथे कोणत्या क्रमांकाचे अक्षर असावे हे ठरविणे, या क्रियेस अक्षर-ओळख अथवा प्रचारातील नावाने ओ.सी.आर. असे म्हणतात. ‘ठरविणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. यंत्र मजकूर उचलून घेत नाही. ते अनुमान करते. अनुमान बहुधा बरोबर येते, पण ते अनुमानच राहते.

२. यंत्र वाचावयास कसे शिकले

वाचणारे यंत्र ही कल्पना नवी नाही. गुस्ताव्ह टाउशेक या ऑस्ट्रियन संशोधकाने अशा यंत्राचे पेटंट १९२९ साली जर्मनीत घेतले होते. १९७६ साली अमेरिकेत रे कुर्झवाईल यांनी अंधांसाठी छापील पुस्तक मोठ्याने वाचून दाखविणारे यंत्र प्रसिद्ध केले. भारतात आर. एम. के. सिन्हा व एच. एन. महाबल यांचा देवनागरी लिपीच्या यांत्रिक वाचनावरील निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झालेली ‘टेसरॅक्ट’ नावाची प्रणाली २००५ साली सर्वांसाठी खुली करण्यात आली. ती आज मराठी मजकूरही वाचते व त्यासाठी मूल्य पडत नाही.

यंत्राच्या वाचनाच्या पायऱ्या साधारणतः अशा आहेत. प्रथम तिरके आलेले पान सरळ केले जाते. नंतर कागदाचा पिवळेपणा व डाग वगळून शाई वेगळी काढली जाते. मग पानाच्या ओळी व ओळींचे शब्द पाडले जातात. पूर्वीची यंत्रे यापुढे एकेक अक्षर सुटे करीत आणि त्याचा दांडा, गाठ, वळण पाहून ते ओळखीत. अलीकडील यंत्रे – टेसरॅक्टची २०१८ मधील चौथी आवृत्ती यांपैकीच होय – सबंध ओळ एकदम पाहतात. त्यांना आधी लक्षावधी नमुने दाखविलेले असतात, आणि त्या सरावाच्या बळावर शेजारच्या अक्षरांवरून मधल्या अक्षराचा अंदाज करण्याची सवय त्यांस लागलेली असते.

पहिली-दुसरीच्या वर्गास शिकविणाऱ्या शिक्षकास ही सवय परिचित आहे. वाचनात थोडे पुढे गेलेले मूल अक्षरे न लावता शब्दाच्या आरंभावरून पुढचे बोलून टाकते. ‘कमल’ लिहिलेले असता ‘कमळ’ म्हणते. ओळखीच्या शब्दांत या अंदाजाने वाचन जलद होते, आणि अनोळखी शब्दांत त्यानेच फसगत होते. यंत्राचेही तसेच आहे. आणि रजिस्टरातील मजकूर म्हणजे बहुतांशी माणसांची नावे, आडनावे, वाड्यावस्त्यांची नावे व आकडे. यांत मागचापुढचा संदर्भ जवळजवळ नसतो. म्हणजे जेथे चूक सर्वात महाग पडावयाची, तेथेच यंत्राचा आधार सर्वात दुबळा असतो.

३. देवनागरीतील विशेष अडचणी

रोमन लिपीत छापील अक्षरे सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषेने ती एकमेकांस बांधलेली असतात. शिवाय मात्रा, वेलांट्या व अनुस्वार रेषेच्या वर, आणि उकार खाली, अशा तीन थरांत लेखन चालते. जोडाक्षरांची संख्या मोठी आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण युनिकोडच्या क्रमात ती अक्षरानंतर येते. फुटक्या वा अस्पष्ट छपाईत हा क्रम लावताना यंत्राची गल्लत होऊ शकते.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्या शिक्षकांस ठाऊक आहेतच: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष, ख आणि रव. यंत्र त्याच ठिकाणी अडखळते. मराठीचे स्वतःचे आणखी काही विशेष आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द र-च्या एका खुणेने निराळे होतात. पहिला गुरूंसाठी आहे, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. मराठी वळणाचा ल व श हिंदी वळणाहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे प्रमाणित केली, पण यंत्रास दाखविलेल्या नमुन्यांत ती पुरेशी असतीलच असे नाही.

जुन्या लेखनाचा प्रश्न वेगळा आहे. १९६२ मध्ये मराठी लेखनविषयक नवे नियम शासनाने मान्य केले. त्यापूर्वीच्या कागदांत ‘नाहीं’, ‘कां’, ‘घरांत’ अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास आढळतात. यंत्र आजच्या सवयीने ते अनुस्वार गाळण्याचा संभव असतो, आणि तपासणारा शिक्षकही ‘शुद्ध’ करण्याच्या मोहात पडतो. जुन्या कागदाची प्रत करताना जसे लिहिले तसेच ठेवावे. लेखनाची दुरुस्ती हे येथील काम नव्हे.

सर्वात सांभाळावयाचे ते अंक. घाईने लिहिलेला १ आणि ९ यांत केवळ एका फाट्याचे अंतर असते. १९५१ चे १९५९ झाले की आठ वर्षांचा फरक पडतो, आणि तेवढ्यावरून एखाद्या वृद्धाचे निवृत्तिवेतन अडते. शाईचा ठिपका शून्य म्हणून वाचला जातो, आणि पुसट शून्य नाहीसे होते. शब्दातील चूक डोळ्यास खुपते. अंकातील चूक खुपत नाही, कारण चुकीचा अंकही दिसावयास अंकच असतो.

४. हस्तलिखित, मोडी व उर्दू

वरील विवेचन मुख्यतः छापील मजकुरास लागू आहे. स्वच्छ छापील पान यंत्र बरेच चांगले वाचते. हस्ताक्षर वाचणे याहून पुष्कळ अवघड आहे, आणि रजिस्टरे तर हातानेच लिहिलेली असतात. तीही दर काही वर्षांनी बदलत गेलेल्या गुरुजींच्या निरनिराळ्या हातांची. ‘वरीलप्रमाणे’ या अर्थी काढलेली दोन टिंबे, ‘रा.’, ‘ता.’, ‘कै.’ यांसारखे संक्षेप, एका ओळीत मावले नाही म्हणून कडेस लिहिलेले शेरे, यांचा उलगडा यंत्रास नीट होत नाही. खोडलेला मजकूर ते पुष्कळदा न खोडलेला समजून वाचते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी काही साधने हस्ताक्षरही बऱ्यापैकी वाचून दाखवितात. त्यांच्याविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. जुन्या यंत्राची चूक उघडी असे. शब्द मोडका निघे आणि तपासणारा थांबे. नवे साधन अस्पष्ट जागी मोडका शब्द देत नाही. तेथे शोभेल असा सुघटित शब्द घालून पुढे जाते. ‘गंगूबाई’ पुसट असेल तर ‘गंगाबाई’ लिहील, आणि वाचणाऱ्यास संशयही येणार नाही. नीटनेटकेपणा हा अचूकपणाचा पुरावा नव्हे, ही गोष्ट येथे विशेष ध्यानी धरावी.

फार जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडीत शिरोरेषा आधी सबंध ओळभर ओढून मग अक्षरे लिहीत. शब्दांत अंतर ठेवीत नसत. देवनागरी वाचणारे साधन तेथे निरुपयोगी आहे. मोडीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, त्यामुळे तेथील जुन्या दफ्तरात उर्दू नोंदी आढळतात. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या शोधात शाळांची जनरल रजिस्टरेही पुराव्यात धरली गेली, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची किती निकड आहे हे सर्वांस दिसून आले. असे कागद शाळेत असल्यास त्यांचे स्वच्छ फोटो घेऊन ठेवावेत व वाचनाचे काम जाणकारावर सोपवावे.

५. कामाची पद्धत

प्रथम पानांस, मूळ क्रमांक नसल्यास, मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक घालावेत. फाटक्या पानास चिकटपट्टी लावू नये; कालांतराने तिचा डिंक कागद खातो. बांधणी आवळ असेल तर वही बळाने उताणी दाबू नये.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी घ्यावा. मोबाईल कागदाशी समांतर धरावा व हाताची सावली पानावर पडू देऊ नये. एका वेळी एकच पान घ्यावे. स्कॅनर असल्यास दर इंचास ३०० ठिपके हे प्रमाण ठेवावे. अक्षर बारीक असल्यास ४०० चालेल. प्रत रंगीतच घ्यावी. कारण रजिस्टरातील दुरुस्त्या बहुधा तांबड्या शाईने केलेल्या व मुख्याध्यापकांची सही असलेल्या असतात. काळ्या-पांढऱ्या प्रतीत हा भेद नाहीसा होतो, आणि मूळ नोंद कोणती व दुरुस्ती कोणती हे पुढे कोणास सांगता येत नाही.

प्रत्येक फोटोस ‘रजिस्टर २, पान ४७’ याप्रमाणे नाव द्यावे व सर्व फोटोंच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. यंत्राकडून निघालेला मजकूर युनिकोडमध्येच साठवावा. पूर्वी खास फॉन्टांत टंकित केलेल्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की निरर्थक रोमन अक्षरे दिसत, हा अनुभव अनेक कार्यालयांस आहे.

येथे गोपनीयतेचा विचार अवश्य करावा. रजिस्टरात मुलांची नावे, जात व जन्मतारीख असते. मोबाईलवरील पुष्कळशी साधने पानाचा फोटो इंटरनेटद्वारे दुसरीकडे पाठवून मजकूर परत आणतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. म्हणून विद्यार्थ्यांच्या नोंदी वरिष्ठांच्या अनुमतीवाचून अशा साधनांत घालू नयेत. टेसरॅक्टसारखी इंटरनेटवाचून संगणकावरच चालणारी प्रणाली वापरणे इष्ट.

६. चुकीचे गणित व पडताळणी

‘यंत्र शेकडा ९९ अक्षरे बरोबर वाचते’ असे ऐकले की मनुष्य निर्धास्त होतो. थोडा हिशेब करून पाहावा. पानावर १,८०० अक्षरचिन्हे असतील तर शेकडा एक या दराने १८ चुका होतात. रजिस्टरातील एका नोंदीत ६० चिन्हे धरली, आणि चूक कोठेही सारखीच संभवते असे मानले, तर संपूर्ण निर्दोष नोंदी शंभरात सुमारे ५५ निघतात; उरलेल्या ४५ नोंदींत कोठे ना कोठे चूक असते. आणि हा दर चांगल्या छपाईचा आहे. जुन्या हस्ताक्षराचा याहून वाईटच असावयाचा.

सारांश, यंत्राने दिलेला मजकूर हा कच्चा खर्डा होय. पडताळणी हे नंतरचे किरकोळ काम नसून तेच मुख्य काम आहे. तिचे काही उपाय शिक्षकांच्या हातचेच आहेत.

पहिला उपाय दोघांनी मिळून वाचण्याचा. एकाने मूळ रजिस्टर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावरील मजकूर पाहावा. छापखान्यांत मुद्रिते तपासण्याची हीच जुनी रीत आहे. नावे अक्षरशः, वेलांटी-उकारांसह उच्चारावीत. तारखेचे अंक एकेक सुटे म्हणावेत. अर्ध्या तासानंतर कामाची अदलाबदल करावी, कारण थकलेला डोळा जे असावे तेच पाहतो. जुन्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख इतक्या वेळा येते, की मध्येच आलेला ९ जून तपासणारासही १ जूनच भासतो.

दुसरा उपाय रजिस्टराच्या रचनेतच आहे. जन्मतारीख अंकी व अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहिण्याची पद्धत आपल्या पूर्वसूरींनी अशाच प्रमादांच्या भीतीने घातली. ‘एकावन्न’ आणि ‘एकोणसाठ’ यांत यंत्राचाही घोटाळा होणे कठीण. अंकी व अक्षरी तारीख जुळत नसेल तेथे थांबून मूळ पान पाहावे.

तिसरा उपाय क्रमाचा. अनुक्रमांक सलग असतात व दाखल झाल्याच्या तारखा चढत्या क्रमाने जातात; मध्येच उडी दिसली तर तेथे वाचन चुकले असण्याचा संभव आहे. दाखल तारखेतून जन्मतारीख वजा केली असता मुलाचे वय पहिलीस दोन वर्षे किंवा वीस वर्षे येत असेल तर ती नोंद पुन्हा पाहावी.

जे वाचता येत नाही तेथे अंदाज न लिहिता ‘अवाच्य’ असे लिहावे. संशय असेल तेथे कंसात प्रश्नचिन्ह घालावे. प्रत्येक पानाखाली पडताळणी करणाऱ्या दोघांची नावे व दिनांक नोंदवावा. कामाच्या ओघात मूळ रजिस्टरातीलच चूक दिसून आली तरी ती प्रतीत सुधारू नये; नोंदीत फेरफार करण्याची रीत नियमांनी ठरलेली आहे, आणि प्रत करण्याच्या निमित्ताने तो अधिकार कोणास प्राप्त होत नाही.

संगणकातील मजकूर हा शोधण्याचे साधन होय, पुरावा नव्हे. त्यावरून नोंद कोणत्या पानावर आहे हे क्षणात कळावे; उतारा मात्र मूळ पान डोळ्यांनी पाहूनच द्यावा. प्रत झाली म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत टाकण्याचा विचार कोणी मनातही आणू नये.

७. शाळेतील अन्य उपयोग

हे साधन दफ्तरापुरतेच नाही. गावाच्या यात्रेची जुनी छापील पत्रके, सहकारी सोसायटीचे जुने अहवाल, शाळेच्या हीरकमहोत्सवाची स्मरणिका यांतील मजकूर वाचनीय रूपात आणता येतो, आणि परिसर अभ्यासास त्याचा चांगला उपयोग होतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यास पानाचे चित्र निरुपयोगी असते. त्याचा मजकूर झाला की मोबाईल तो मोठ्याने वाचून दाखवितो. वरच्या वर्गांतील मुलांस छापील उताऱ्याचे यंत्राने केलेले वाचन देऊन त्यातील चुका शोधावयास सांगितल्यास शुद्धलेखनाचा तो एक उत्तम पाठ होतो. मात्र मुलांच्या हाती रजिस्टरातील नोंदी देऊ नयेत.

दिवसाला दहा पाने पडताळून झाली तरी सुटीच्या एका महिन्यात एक रजिस्टर पुरे होऊ शकते. ज्या गुरुजींनी बोरूने किंवा टाकाने त्या ओळी लिहिल्या, त्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. ज्यांच्या त्या नोंदी आहेत त्यांपैकी कित्येक आज उताऱ्यासाठी येत आहेत. त्यांच्या नावातील एक वेलांटी व जन्मसालातील एक अंक जसाच्या तसा पुढे पोहोचविणे हे शिक्षकाच्या नित्यकर्तव्यांपैकीच एक कर्तव्य होय. यंत्राने त्याचे श्रम हलके होतील. जबाबदारी हलकी होणार नाही.